तुटलं, फुटलं की मोडलं?

पेरूहून आलेली तक्रार असेल तर ते पहिल्या ओळीतच कळतं. तिथला मेकॅनिक 'से मालोग्रो' असं लिहितो. कोलंबियातला 'से दान्यो' लिहितो, मेक्सिकोतला 'से देस्कोम्पुसो'. क्यूबातला माणूस नुसतं 'से रोम्पिओ' म्हणून मोकळा होतो, मग वस्तू फ्रिज असो नाहीतर मोटार. स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात 'एस्त्रोपेआर' चालतं आणि कागदावर लिहायची वेळ आली की 'आवेरियार'. सगळे जण सांगत असतात ते एवढंच, की चालणारी वस्तू चालेनाशी झाली.

हे सगळं मी पुण्यात बसून इंग्रजीत आणते. पुण्याच्या आसपास तयार होणाऱ्या मोटरसायकली आणि तीनचाकी रिक्षा लॅटिन अमेरिकेत जातात. पेरूत आपली रिक्षा 'मोतोताक्सी' होते, लाडानं 'तोरितो', म्हणजे छोटा बैल. ग्वातेमालात तिला 'तुक-तुक' म्हणतात. वॉरंटीच्या मुदतीत काही बिघडलं की तिथला डीलर फॉर्म भरतो. चासी नंबर, इंजिन नंबर, विक्रीची तारीख, किती किलोमीटर चालली, हा मजकूर ठरलेला असतो, त्याला अनुवादक लागत नाही. त्याखाली एक मोकळी चौकट असते: 'देस्क्रिप्सिओन दे ला फाया', म्हणजे बिघाडाचं वर्णन. माझं पोट त्या चौकटीवर चालतं. मेकॅनिकनं ती घाईत, स्वल्पविरामाची फिकीर न करता आणि बऱ्याचदा तेलकट हातानं भरलेली असते. ती इंग्रजीत होऊन क्वालिटी विभागाकडे जाते. सुटा भाग कंपनीनं फुकट द्यायचा की गिऱ्हाइकानं विकत घ्यायचा, हे फोटोंवर आणि परत आलेल्या भागावर ठरतं, पण त्या चार ओळींवरही ठरतं.

गंमत अशी की इकडे वाचणारे इंजिनीअर बहुतेक मराठी, मीही मराठी, आणि आमच्या मधला कागद मात्र इंग्रजी. सुरुवातीला मला हा वळसा वायफळ वाटायचा. पण इंग्रजी कागदावर जे अडतं ते शेवटी मराठीतच फोनवर सुटतं, आणि या कामातला खरा रस मला तिथेच सापडला.

"मॅडम, तुम्ही 'ब्रोकन' लिहिलंय. म्हणजे तुटला की मोडला?"

"शाफ्ट आहे सर. त्यांनी 'से रोम्पिओ' लिहिलंय."

"ते स्पॅनिश राहू द्या. फोटोत तोंड कसं दिसतंय? दाणेदार आहे, की सपाट? पिळवटून गेलाय का?"

'रोम्पेर' हे क्रियापद असं आहे, की काच, दोरी, शर्ट आणि पाय या चारही गोष्टींना ते बिनतक्रार चालतं. मराठीला हे खपत नाही. आपल्याकडे काच फुटते, दोरी तुटते, शर्ट फाटतो, पाय मोडतो. 'दोरी फुटली' असं म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या पोरालाही आजी लगेच टोकते. म्हणजे कुठलीही वस्तू बिघडल्याची बातमी मराठीत सांगायची तर आधी ती कशाची होती, कडक की लवचीक, लांबट की पसरट, हे ठाऊक असावं लागतं. स्पॅनिशला ही चौकशी करायची गरज नसते. इंग्रजीला ती करता येते, 'स्नॅप', 'शॅटर', 'टेअर', 'क्रॅक', 'शिअर', 'बर्स्ट' असे शब्द तिच्याकडे ढिगानं आहेत; पण 'ब्रेक' इतकं हाताशी असतं की बाकीच्यांची आठवण काढण्याआधीच ते उमटलेलं असतं. इंजिनीअरसाहेबांचा प्रश्न मराठीचा होता, आणि धातुशास्त्राचाही तोच होता. वारंवार ताण सोसून हळूहळू तुटलेल्या शाफ्टच्या तोंडावर एक गुळगुळीत पट्टा असतो आणि त्यात कमानीसारख्या खुणा. त्यांना इंग्रजीत 'बीच मार्क्स' म्हणतात. एका दणक्यात मोडलेल्या भागाचं तोंड खडबडीत असतं. पहिल्यात दोष धातूचा किंवा रचनेचा असू शकतो, दुसऱ्यात बहुतेक खड्ड्याचा.

यावर माझा एक नियम आहे आणि त्यावरून माझे आणि साहेबांचे खटके उडतात. मेकॅनिकनं 'रोम्पेर' लिहिलं असेल तर माझ्या इंग्रजीत 'ब्रेक' हेच येणार. फोटोत शाफ्ट पिळवटलेला मला दिसत असला तरी 'शिअर्ड' मी त्याच्या तोंडी घालणार नाही. फोटोचं वाचन हे माझं काम नव्हे. फार तर शेजारच्या रकान्यात 'मूळ शब्द सर्वसाधारण आहे' एवढी टीप देईन. साहेबांचं म्हणणं असं की मॅडमना कळतंय तर लिहायला काय हरकत आहे. हरकत ही, की तक्रार त्याची आहे.

दोनेक डझन भाषांत लोक मोडतोड कशी सांगतात याचा एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आसिफा मजीद, मेलिसा बावरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ छोट्या चित्रफिती २८ भाषांच्या बोलणाऱ्यांना दाखवल्या: कुणी गाजर कापतंय, कुणी काठी मोडतंय, कुणी कापड फाडतंय. प्रत्येक भाषेनं हद्दी वेगळ्या आखल्या होत्या, पण एक सीमा बहुतेकांना मान्य होती: तुकडा नेमका कुठे पडणार हे करणाऱ्याच्या ताब्यात होतं की नाही. सुरीनं कापताना ते ताब्यात असतं, ताटली आपटताना नसतं. हे वाचल्यावर मला आमच्या फोनवरच्या वादाला जरा प्रतिष्ठा आल्यासारखं वाटलं.

मेकॅनिक नेहमी 'रोम्पेर'वर थांबतात असंही नाही. टायर, साखळी किंवा क्लचची केबल ताणानं गेली तर ते 'रेबेन्तार' वापरतात. तडा गेला तर 'राहार', सरळ दोन तुकडे झाले तर 'पार्तिर'. तेल संपल्यावर इंजिन जाम झालं तर 'से फुंदिओ'. याचा शब्दशः अर्थ 'वितळलं', पण इंग्रजीत वितळलेलं इंजिन लिहिलं तर क्वालिटीतले लोक आगीचा अहवाल मागतील. तिथे 'सीझ्ड' हवं. त्याच जामला स्पेनमध्ये 'ग्रिपादो' म्हणतात. उलट स्पेनमध्ये 'से फुंदिओ' म्हटलं की बहुधा घरातला बल्ब उडालेला असतो. मेक्सिकोत कनेक्टिंग रॉड गेला की 'से देस्बिएलो' या एकाच शब्दात इंजिनचा मृत्युलेख लिहून होतो. त्यात 'बिएला' म्हणजे तो रॉडच. इंग्रजीला त्यासाठी अख्खं वाक्य खर्चावं लागतं.

माझं लाडकं मात्र 'से बार्रिओ एल तोर्नियो'. 'बार्रेर' म्हणजे झाडणं, केर काढणं. मेक्सिकोत स्क्रू 'झाडला गेला' म्हणजे त्याचे आटे गेले. हे वाक्य मी साहेबांना फोनवर मराठीत सांगितलं तेव्हा पुढचा प्रश्न आला नाही. इंग्रजी 'स्ट्रिप्ड थ्रेड' मी नंतर टाइप केलं.

कोलंबियाचं 'बारार्से' असंच अंगावर येतं. मुळात ते जहाजाचं क्रियापद, किनाऱ्यावर रुतून बसणं. कोलंबियात गाडी रस्त्यात बंद पडली की गाडी 'रुतते', आणि गाडीबरोबर माणूसही. 'एल क्लिएन्ते से बारो' असं मेकॅनिक लिहितो, म्हणजे गिऱ्हाईक वाटेत अडकलं. आता इंग्रजीत 'ब्रेक डाउन' हे गाडीचं क्रियापद ठरलेलं. घाईत कुणी 'द कस्टमर ब्रोक डाउन ऑन द हायवे' असं लिहिलं तर गिऱ्हाईक हमरस्त्यावर ढसाढसा रडतंय असा अर्थ होतो. तशी वेळ त्याच्यावर आली असेलही. पण त्याचा खर्च वॉरंटीत बसत नाही.

देशोदेशीचे हे शब्द ओळखायला माझ्याकडे दोन आधार आहेत. एक मारिया मोलिनेरचा कोश, १९६६-६७ मध्ये आलेला. ग्रंथपाल असलेल्या या बाईनं तो पंधराएक वर्षं घरात बसून तयार केला. कुठल्या नामाबरोबर कुठलं क्रियापद नांदतं हे तिच्याइतकं नीट क्वचितच कुणी सांगितलंय. पण तिची स्पॅनिश स्पेनची. अटलांटिकच्या पलीकडच्यासाठी स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांच्या संघानं २०१० साली काढलेला 'दिक्सिओनारिओ दे अमेरिकानिस्मोस' हवा. त्यात शब्दापुढे देशांची आद्याक्षरं येतात. ती वाचायची सवय लागली की नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. 'मालोग्रार' हे याचं चांगलं उदाहरण. लिमात लिफ्टवर 'मालोग्रादो' अशी पाटी असली तर जिन्यानं जायचं. माद्रिदच्या वर्तमानपत्रात 'मालोग्रादो' कवी म्हटलं तर तो तरुणपणीच वारलेला असतो. 'देस्कोम्पुएस्तो' लिहिलेला फोन मेक्सिकोत बंद असतो. आर्जेन्टिनात कुणी 'एस्तोय देस्कोम्पुएस्तो' म्हणालं तर त्याला मळमळतंय, खुर्ची पुढे सरकवावी.

'आवेरिया'बद्दल जाता जाता. हा शब्द अरबीतून इटलीच्या बंदरांवर आणि तिथून भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठांवर पसरला. त्याचा अर्थ समुद्रप्रवासात मालाचं झालेलं नुकसान. ते नुकसान सगळ्या माल-मालकांनी वाटून घ्यायचं अशी पद्धत होती, आणि त्या वाटून घेण्यातूनच इंग्रजीतलं 'ॲव्हरेज' आलं. सागरी विम्यात 'जनरल ॲव्हरेज' अजून त्याच जुन्या अर्थानं चालतं. स्पॅनिशमध्ये 'आवेरिया' बिघाडच राहिला, इंग्रजीत तो गणितात गेला. त्यामुळे विम्याच्या कागदावर 'आवेरिया ग्रुएसा' दिसलं की तिथे कुठली मोटरसायकल बंद पडलेली नाही एवढं आधी ओळखावं लागतं.

आता ज्या क्रियापदावर पैसे अडकतात ते. 'दान्यार'. कोलंबिया, व्हेनेझुएला, एक्वादोर या पट्ट्यात सगळं काही 'दान्यार' होतं: मोटर, टीव्ही, फ्रिजमधलं दूध, सहलीचा बेत. हल्ली माझ्याकडे पुष्कळ काम यंत्रानं केलेल्या कच्च्या अनुवादाच्या रूपात येतं, मी फक्त दुरुस्त करायचं असतं. त्यात 'से दान्यो एल आर्रान्के' या वाक्याचं 'द स्टार्टर वॉज डॅमेज्ड' असं झालेलं असतं. व्याकरण बरोबर, शब्दकोश बरोबर, आणि वॉरंटीच्या दृष्टीनं सत्यानाश. कारण इंग्रजी 'डॅमेज'ला बाहेरून काहीतरी लागलेलं असतं: दगड, पाणी, अपघात, कुणाचा तरी हात. बाहेरून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. मेकॅनिक म्हणत होता की स्टार्टर बंद पडला, चालत नाही. 'स्टॉप्ड वर्किंग' किंवा 'फेल्ड' असं लिहिलं की तपासणी आतून सुरू होते. 'डॅमेज्ड' लिहिलं की कुणी ठोकली हे शोधायला लागतात. इंग्रजीत शिकल्या-सवरलेल्यांना यात फरक दिसत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. मराठीत विचारा. 'स्टार्टर बिघडला' आणि 'स्टार्टरचं नुकसान झालं' यातलं दुसरं वाक्य कुठलाही रिक्षावाला बोलणार नाही.

पण 'दान्यार' हा शेवटी शब्दाचा प्रश्न. टीप लिहून, यादी करून तो सुटतो. न सुटणारा प्रश्न एका अक्षराचा आहे. 'से'.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकताना हा धडा येतो, तेव्हा वर्गातल्या मराठी पोरांना तो अवघड जात नाही. 'से रोम्पिओ एल बासो', ग्लास फुटला. कुणी फोडला? ते नाही सांगितलं. आपल्याकडे फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, फाटणे आणि फाडणे अशा जोड्याच आहेत. बशी फुटल्यावर कुठली जोडीतली बाजू वापरायची हे आपण आईच्या डोळ्यांकडे बघून शिकलेले असतो. इंग्रजीतही 'द ग्लास ब्रोक' होतं. इथवर तिन्ही भाषा बरोबर चालतात.

गडबड होते ती स्पॅनिश त्यात माणूस घुसवते तेव्हा. 'से मे रोम्पिओ एल बासो'. तो 'मे' म्हणजे मी, पण कर्ता म्हणून नव्हे. ग्लास फुटला, आणि ते फुटणं माझ्या वाट्याला आलं. माझ्या हातून सुटला असेल, माझा लाडका असेल, मी नुसती शेजारी उभी असेन. 'मे' यातलं काहीही असू शकतो. 'से मे मुरिओ एल पेर्रो' असंही म्हणतात: कुत्रा मेला, आणि दुःख माझं. मराठीत 'मला ताप आला', 'मला उशीर झाला' इथे असा 'ला' आहे, पण 'मला ग्लास फुटला' होत नाही. 'माझ्या हातून फुटला' म्हटलं की हात मध्ये आला. 'माझा ग्लास फुटला' म्हटलं की नुसती मालकी उरली. स्पॅनिशचा 'मे' या दोघांच्या मधल्या जागेत आरामात बसतो, आणि त्या जागेला आपल्याकडे नाव नाही.

आता हे वॉरंटीच्या चौकटीत आणा. ब्रेकचा लिव्हर मोडलाय. एक मेकॅनिक लिहितो, 'ला रोम्पिओ एल क्लिएन्ते'. गिऱ्हाइकानं मोडला. स्पष्ट आहे, दावा बहुधा फेटाळला जाणार. दुसरा लिहितो, 'से ले रोम्पिओ आल क्लिएन्ते'. लिव्हर मोडला, आणि ते गिऱ्हाइकाच्या बाबतीत झालं. गिऱ्हाइकानं जोर लावला का? सांगितलेलं नाही. लिव्हरच्या ओतीव धातूत बुडबुडा होता का? तेही सांगितलेलं नाही. मेकॅनिक काही लपवतोय असं अजिबात नाही. त्याच्या भाषेत ही सभ्य, रोजची वाक्यरचना आहे. दोष द्यायचा नसला आणि ठाऊकही नसला की ती वापरायची.

इंग्रजीत काय लिहू? 'द कस्टमर ब्रोक द लिव्हर' हा तर आरोप. 'द लिव्हर वॉज ब्रोकन' यात कुणीतरी मोडल्याचा वास येतो, नाव तेवढं झाकलेलं. 'द लिव्हर ब्रोक' स्वच्छ आहे, पण गिऱ्हाईक गायब. आणि मेकॅनिकनं तो मुद्दाम आणला होता, कारण मोडताना गाडी गॅरेजमध्ये नव्हती, गिऱ्हाइकाकडे होती, एवढं तरी त्या 'ले'मधून कळतं. 'द लिव्हर ब्रोक ऑन द कस्टमर' ही रचना इंग्रजीत खरोखर आहे आणि अर्थानं सगळ्यात जवळची. पण ती बोलण्यातली, आणि पुण्यात ती वाचणारा विचारतो, "लिव्हर मोडून अंगावर पडला काय?" शेवटी मी 'द कस्टमर्स ब्रेक लिव्हर ब्रोक इन यूज' यावर येते आणि तेही मनाविरुद्ध, कारण 'इन यूज' मी घातलेलं असतं. (मराठीत हे सांगताना आणखी एक घोळ: ब्रेकचा लिव्हर ब्रेक झाला.) काही दाव्यांवर मी टीप जोडते: मुळात कर्ता दिलेला नाही. एवढं वाक्य इंग्रजीच्या गळी उतरवायला मला दोन ओळी लागतात, जे स्पॅनिशनं 'से' आणि 'ले' या दोन अक्षरांत उरकलेलं असतं.

हा काथ्याकूट नाही. स्टॅनफर्डमध्ये केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी यावर प्रयोग केले. रेस्टॉरंटमध्ये मेणबत्ती कलंडून आग लागल्याची हकिगत त्यांनी दोन तऱ्हांनी लिहिली: एकीत बाईंनी मेणबत्ती पाडली, दुसरीत मेणबत्ती पडली. बाकी मजकूर तोच. पहिली हकिगत वाचलेल्यांनी बाईंना जास्त दोष दिला आणि जास्त भरपाई भरायला सांगितली. हा निबंध २०१० चा. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना चित्रफिती दाखवल्या. मुद्दाम केलेली मोडतोड कुणी केली हे दोघांनाही सारखंच आठवलं. चुकून झालेली कुणाकडून झाली हे इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त आठवलं. दुसऱ्या प्रयोगावरून भाषेमुळे माणसं कशी घडतात वगैरे मोठी विधानं करायला लोकांना आवडतं. मला त्यात पडायचं नाही. माझ्या टेबलावर पहिला प्रयोग रोज होत असतो, आणि दोन तऱ्हांपैकी कुठली हे मी ठरवत असते.

'से' दिसला की कर्ता लपला असंही समजू नये. स्पेनमध्ये 'कार्गार्से' नावाचं एक बेरकी क्रियापद आहे. 'ते आस कार्गादो ला तेले' म्हणजे 'टीव्हीची वाट लावलीस तू'. इथे 'से'च्या कुळातला सर्वनामाचा तुकडा आहे, पण बोट थेट तुमच्याकडे. मेक्सिकोहून व्हॉट्सॲपवर ध्वनिमुद्रित तक्रारी येतात, त्यात तर 'से चिंगो', 'वालिओ मादरे' असं सगळं असतं. ते ऐकून मी एकटीच हसते आणि 'द युनिट फेल्ड' असं टाइप करते. सिनेमाची सबटायटल्स असती तर तिथे शिव्यांना शिव्या शोधल्या असत्या; वॉरंटीच्या फॉर्ममध्ये त्या माणसाचा वैताग फुकट जातो, याचं वाईट वाटतं.

मधूनमधून खाण्यापिण्याची कामं येतात तेव्हा विरंगुळा होतो. तिथे बिघडणं कुणाच्या खिशाला लागत नाही. स्पॅनिशमध्ये दूध 'कापलं' जातं, आपल्याकडे ते नासतं किंवा फाटतं. मेयोनेझही 'कापलं' जातं. वाइन 'पिकार्से' होते, म्हणजे व्हिनेगरच्या वाटेला लागते. तेच क्रियापद किडलेल्या दाताला आणि खवळलेल्या समुद्रालाही चालतं. भात 'पासार्से' होतो, म्हणजे जास्त शिजून गिचका होतो. स्पेनमध्ये लग्नाचं वय उलटून गेलेल्या बाईबद्दल हेच कुजकटपणे म्हणतात आणि ते इंग्रजीत आणायची वेळ माझ्यावर न यावी. आर्जेन्टिनात मांसाला वास यायला लागला की ते 'आबोम्बार्से' झालं. इंग्रजीत या सगळ्यांना 'स्पॉइल', 'गो बॅड' किंवा ब्रिटिश असाल तर 'गो ऑफ'. पण 'स्पॉइल' पोरांनाही लावतात, आणि तिथे स्पॅनिश जास्त समजूतदार आहे. 'माल्क्रियार' म्हणजे वाईट वळण लावून बिघडवणं, 'मिमार' म्हणजे कोडकौतुक, आणि मेक्सिकोतली आजी नातवाला 'मि कोन्सेन्तिदो' म्हणते तेव्हा त्यात लाडावलेला आणि लाडका हे दोन्ही एका श्वासात असतं. इंग्रजीत 'माय स्पॉइल्ड वन' लिहा, आजी लगेच परकी होते.

उलट्या दिशेचं कामही माझ्याकडेच असतं. कंपनीचं इंग्रजी उत्तर स्पॅनिशमध्ये परत जातं. तिथे 'ब्रेकेज'ला 'रोतुरा' हवं, 'रुप्तुरा' नको. 'रुप्तुरा' नवरा-बायकोचा किंवा वाटाघाटींचा होतो, 'किएब्रा' कंपनीचं निघतं आणि 'फ्राक्तुरा' बहुधा हाडाचं. इंग्रजी उत्तरं त्रोटक असतात. त्यांत क्रियापदच नसतं, त्यामुळे कर्ताही नसतो. इकितोसच्या एका गॅरेजला असंच एक उत्तर गेलं. इकितोस अमेझॉनच्या काठी आहे, तिथे रस्ता पोहोचत नाही, सुटा भाग बोटीनं नाहीतर विमानानं येतो. म्हणजे दावा फेटाळला की पुढचे कितीतरी दिवस ती गाडी उभी. कंपनीनं लिहिलं होतं: चुकीच्या जोडणीमुळे बिघाड. मी 'फाया पोर मोन्ताहे इन्कोर्रेक्तो' असं स्पॅनिश केलं.

तिकडून आलेली ओळ अशी होती: 'एन्तोन्सेस, यो ला मालोग्रे?' त्याच्या आधीच्या सगळ्या फॉर्ममध्ये या मेकॅनिकनं 'से मालोग्रो' लिहिलेलं. 'से' काढलेलं क्रियापद त्यानं पहिल्यांदाच वापरलं होतं, आणि स्पॅनिशमध्ये एरवी गाळला जाणारा 'यो' मुद्दाम पुढे ठेवला होता. मी इंग्रजीत लिहिलं, 'सो आयम द वन हू ब्रोक इट?' त्याखाली दोन फोटो होते आणि एक वाक्य: हे इंजिन आमच्याकडे येण्याआधी कधी उघडलेलंच नाही, बोल्टवरची फॅक्टरीची रंगाची खूण बघा.

दुपारी फोन आला.

"मॅडम, हा माणूस चिडलाय का?"

"हो सर."

"म्हणजे तुम्ही वाढवून नाही ना लिहिलंय?"

"नाही. थोडं कमीच झालंय."

"आणि बोल्टवरची पिवळी खूण शाबूत आहे म्हणतोय?"

"दुसऱ्या फोटोत दिसतेय."

"मोठा करून पाठवा तो. आणि भाग परत मागवा म्हणावं, तोंड बघू दे."